जीपचं हेड आणि डायरीत नसलेला गुरुवार

नोकरीत हाताखालून गेलेले बहुतेक गुन्हे आता मला नीट आठवत नाहीत. आरोपींचे चेहरे एकमेकांत मिसळतात, गावांची अदलाबदल होते. हा एक मात्र वारासकट आणि वेळेसकट आठवतो. विसरायचा प्रयत्न केला नाही असं नाही, पण जमलं नाही. नावं कुणाचीच देत नाही. यातली माणसं हयात आहेत आणि त्यांनी आधीच पुरेसं सोसलेलं आहे.

तेव्हा मी चिखली तालुक्यात ठाणेदार होतो. दसरा नुकताच झाला होता, सोयाबीनची काढणी जोरात होती. बंदोबस्ताचे दिवस संपले म्हणून निम्मा स्टाफ रजेवर गेला होता. मंगळवारी सकाळी हजेरी चालू असताना उंद्रीची एक बाई ठाण्यात आली. नवरा भाड्याने जीप चालवायचा. जीप जुनी, डिझेलची, कंपनीने ते मॉडेल बंद करून जमाना झालेला. सोमवारी दुपारी चिखलीच्या स्टँडवरून दोन गिऱ्हाइकं घेऊन तो नांदुऱ्याला निघाला होता. रेल्वे स्टेशनवरून पाहुणे आणायचे आहेत, असं ते दोघे बाकीच्या ड्रायव्हरांसमोर म्हणाले होते. रात्री परत यायचा तो आलाच नाही.

मोबाईल लागतो का, असं विचारलं तर बाईने पदराआडून त्याचा मोबाईल काढून टेबलावर ठेवला. सकाळी चार्जिंगला लावलेला तो घरीच राहिला होता. म्हणजे लोकेशन काढायची वाटही बंद.

मिसिंग दाखल केली. धडधाकट बाप्या माणूस बेपत्ता झाला की तिसऱ्या दिवशी आपोआप घरी येतो, हा आमचा खात्यातला अनुभव. मी तो तिला ऐकवला. ती ऐकून घेऊन म्हणाली, "साहेब, नांदुऱ्याले जाचं म्हंजे गाडी उंद्रीतूनच जाते. आमच्या घरासमोर हॉर्न वाजवल्याबिगर थो जात नाई. सोमवारी हॉर्न वाजला नाई." ठाणे अंमलदाराने ते लिहून घेतलं नाही आणि मीही त्याला लिही म्हटलं नाही. न वाजलेला हॉर्न हा काय पुरावा होतो का, असं मला वाटलं.

मंगळवार आणि बुधवार आम्ही चिखली, उंद्री, खामगाव हा रस्ता पिंजून काढला. ढाबे विचारले, पेट्रोल पंपांचे कॅमेरे पाहिले, रस्त्याकडेच्या विहिरींत गळ टाकले. काही हाती आलं नाही. चिखलीच्या एका दुकानाच्या कॅमेऱ्यात ते दोन इसम दिसत होते, पण तोंडाला रुमाल. सोमवारपासून कुठल्याच ठाण्याच्या हद्दीत ना अपघात, ना बेवारस गाडी, ना प्रेत. बाई रोज सकाळी यायची आणि ठाण्याच्या आवारात लिंबाखालच्या बाकावर बसायची. काही मागायची नाही, रडायची नाही. कुणी दारातून बाहेर पडलं की त्याच्या तोंडाकडे बघायची, बस्स. बुधवारी संध्याकाळी मी मागच्या दाराने बाहेर पडलो. एका बाईच्या नजरेला ठाणेदार घाबरला, हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. माणूस मेलेला असणार अशी माझी खात्री होत चालली होती आणि ते तिला सांगायची पाळी माझ्यावर येणार होती.

गुरुवारी सकाळी फोन आला. मेहकरचा एक मिस्त्री बोलत होता. जुन्या डिझेल इंजिनांच्या कामात त्याचं नाव चार तालुक्यांत. लहानथोर सगळे त्याला उस्ताद म्हणतात, म्हणून मीही तसंच म्हणतो. आवाज इतका दबका की मला दोनदा विचारावं लागलं. तुमच्या हरवलेल्या ड्रायव्हरबद्दल काही दाखवायचं आहे, पण ठाण्यात येणार नाही, चिखलीच्या स्टँडवर भेटा आणि साध्या कपड्यात या, एवढंच तो म्हणाला.

मला त्याच वेळी वरिष्ठांच्या बैठकीचा निरोप होता. मी दोन शिपाई पाठवले, गणवेशात, सरकारी गाडी घेऊन. त्यांनी भर बाजाराच्या गर्दीत त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला गाडीत बसवलं आणि मागच्या दाराने ठाण्यात आणलं. दुपारचा एक वाजला होता. माझी पहिली चूक ही.

उस्ताद पन्नाशीचा, किडकिडीत, पांढरी दाढी. बोटांच्या भेगांत जन्माचं काळं ऑइल. सोबत गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. उघडलं तर इंजिनाचं हेड निघालं, म्हणजे इंजिनाच्या वर बसतं ते लोखंडी झाकण. अडखळत अडखळत त्याने सांगितलं ते असं. एका गिऱ्हाइकाच्या जुन्या जीपचं हेड फुटलं होतं. नवं मिळत नाही, म्हणून तो बुधवारी भंगारात शोधायला गेला. त्याला बसणारं हेड मिळालं. संध्याकाळी गॅरेजवर आणून डिझेलने धुतलं तर कडेला पंचाने ठोकलेले तीन ठिपके दिसले.

हे ठिपके म्हणजे काय, ते सांगायला हवं. हेड घासून सपाट करायला लेथवाल्याकडे पाठवतात. तिथे दहा जणांची दहा हेडं पडलेली असतात. बदलाबदली होऊ नये म्हणून आपल्याकडचा प्रत्येक मिस्त्री आपली खूण ठोकून देतो. कुणाची फुली, कुणाची अर्धी चांदणी. या माणसाचे तीन ठिपके, आणि तेही अशा कोपऱ्यात की तारेचा ब्रश पोचत नाही. त्या मॉडेलचं, तीन ठिपक्यांचं हेड त्याने एकच केलं होतं. त्याच्या जुन्या दोस्ताचं, उंद्रीच्या ड्रायव्हरचं.

मी विचारलं, घेतलं कुणाकडून? तो गोणपाट पुन्हा हेडवर ओढायला लागला. पुन्हा विचारलं तर म्हणाला, रस्त्यावर एक माणूस विकत होता. कुठल्या रस्त्यावर? आधी मलकापूरचा म्हणाला, मग खामगावचा.

आता माझ्या जागी बसून बघा. चोरीचा माल या माणसाच्या हातात. बेपत्ता माणूस याच्या ओळखीचा. आणि पहिल्या दहा मिनिटांत हा धडधडीत खोटं बोलतोय. असा माणूस समोर आला की पोलिसाच्या अंगात येतं. तीन दिवस अंधारात चाचपडल्यावर हाताला पहिल्यांदा काही लागलं होतं आणि मी ते घट्ट धरलं.

दुपारी एकपासून मी त्याला एकच प्रश्न विचारत होतो. माणसाचं नाव सांग. मी त्याला हात लावला नाही. पूर्वी मी हे अभिमानाने सांगायचो. आता सांगत नाही, कारण हात न लावता माणसाला कसं मोडतात ते मला चांगलं माहीत होतं आणि मी तेच करत होतो. तुझ्यावरच खुनाचा गुन्हा लावतो म्हटलं. गॅरेजला सील ठोकतो म्हटलं. मेहकरात तुझी काय अब्रू राहील ते बघ म्हटलं. जसजसा माझा आवाज चढला तसतसा तो आत आत गेला. नमाजाची वेळ झाली तेव्हा परवानगी मागितली, ती मी दिली. पाणी दिलं तर अर्धं सदऱ्यावर सांडलं. फक्त म्हणत राहिला, मले जाऊ द्या साहेब, म्या चूक केली आलो त. खिडकीतून बाकावर बसलेली ती बाई दिसत होती. तिच्या नवऱ्याच्या इंजिनाचं हेड माझ्या टेबलाखाली पडलंय, हे तिला माहीत नव्हतं.

रात्री मी त्याला सोडलं नाही. अटकही दाखवली नाही, स्टेशन डायरीत नोंदही केली नाही. याला कायद्यात काय म्हणतात ते मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

शुक्रवारी सकाळी आमचे जमादार चहा घेऊन आले. निवृत्तीला आलेला माणूस, घरची शेती, स्वतःचा ट्रॅक्टर, त्यामुळे ग्रीसमध्ये हात घालायची सवय. त्यांनी चहा ठेवला आणि हळूच म्हणाले, "साहेब, तुमी कालपासून याले माणसं इचारून राह्यले. थो माणसाईले भेते. याले इंजिन इचारा."

मला राग आला. पण रात्रभराच्या जागरणाने मी इतका थकलो होतो की रागवायलाही जोर उरला नव्हता. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, हेड उचलून त्यावर ठेवलं आणि उस्तादला म्हटलं, ठिपके काय, कुणीही ठोकेल. हे त्याच जीपचं आहे हे कशावरून?

तो उठून टेबलाजवळ आला. मला जे आठवतं ते त्याचे हात. कालपासून थरथरणारे हात त्या लोखंडावर ठेवले आणि थांबले. तो बोलायला लागला. या इंजिनाच्या दोन सिरीज, वरून बघितलं तर जुळ्या बहिणी. पण पाण्याची भोकं वेगळी. एकीचं हेड दुसरीवर चढवलं तर बोल्ट बसतात, गाडी चालू होते, आणि महिन्याभरात पाणी ऑइलमध्ये जाऊन इंजिन बसतं. म्हणून तो भंगारात जाताना जुनं गॅसकेट, म्हणजे हेडखाली बसणारा भोकांचा पातळ पत्रा, सोबत नेतो आणि हेडवर पसरून भोकं जुळतात का ते बघतो. त्याने पिशवीतून कागदात गुंडाळलेलं गॅसकेट काढलं आणि हेडवर ठेवलं. सगळी भोकं जुळली, एक सोडून. ते एक त्याने स्वतः भरून पुन्हा पाडलं होतं, कारण ड्रायव्हरच्या इंजिनाला त्याच्या सिरीजचं हेड मिळालं नव्हतं, दुसरीचं जुळवून घ्यावं लागलं होतं. असं हेड जगात दुसरं नाही, हे त्याने मला न घाबरता सांगितलं.

मी विचारलं, बाकीचं इंजिन कुठे आहे? तो सहज म्हणाला, तिथंच पडलं होतं, जाम झालेलं. पिस्टन सिलिंडरला चिकटलेले. ऑइल संपल्यावर होतं तसं.

म्हटलं, मग तुझ्या दोस्ताने ऑइल बघितलं नसेल. यावर तो माझ्यावर जवळजवळ चिडला.

"थो पाह्यल्याबिगर राह्यतच नाई साहेब. त्या इंजिनाले ऑइल अडवाले मागून दोरीचं सील येत होतं, ते आता कोठंच भेटत नाई. म्या सारं अकोला पालथं घातलं. मंग टॅक्टरचं जवळपासचं सील बसवलं. इंजिन गरम झालं का ते ऑइल फेकते. म्या त्याले सांगून ठेवलं होतं, घाट आला का थांबाचं, बोनेट उघडाचं, ऑइल टाकाचं. डबा सीटखाली राहे. सहा महिने थो तसाच चालवून राह्यला."

"मग इंजिन जाम कसं झालं?"

"ज्यानं चालवली त्याले हे माहीत नोहतं. न टाकता दामटली त चाळीस, पन्नास किलोमीटर. त्याच्या वर नाई जात."

एवढं बोलून तो थांबला.  मग टेबलाजवळच खाली फरशीवर बसला.

"म्हंजे थो ऑइल टाकाले उतरला असन साहेब. तेथंच त्याले..."

 आपण बसवलेल्या सीलापायी दोस्त रस्त्यात उतरला, हे त्याच्या तेव्हाच ध्यानात आलं असावं. मग मी न विचारता त्याने नाव सांगितलं. नांदुऱ्याच्या अलीकडे एक भंगारवाला आहे, नाव सांगितलं तर आपल्याला जगू देणार नाही अशी त्याची समजूत होती. पुढे कळलं की ती समजूत चुकीची नव्हती.

मी नांदुऱ्याच्या ठाण्याला फोन लावला. तासाभरात भंगारवाला उचलला. पुढच्या अर्ध्या तासात तो बोलला. सोमवारी संध्याकाळी नांदुऱ्याच्या अलीकडे रस्त्यातच बंद पडलेली जीप दोघांनी त्याला विकली होती आणि त्याने ती ट्रॅक्टरने ओढून नेली होती. म्हणजे बंद पडली ती जागा कळली. तिथून रस्त्याने मागे चाळीस-पन्नास किलोमीटर मोजायचे. तिथे कुठेतरी ड्रायव्हर शेवटचा उतरला होता.

भिंतीवरच्या नकाशावर मी बोट फिरवलं. खामगावपर्यंत एकच रस्ता. तिथून मागे दोन फाटे. एक उंद्रीवरून चिखलीला, जो आम्ही पिंजला होता. दुसरा बोथ्याच्या घाटातून बुलढाण्याला. मी बाहेर गेलो आणि चार दिवसांत पहिल्यांदा स्वतः त्या बाकाजवळ उभा राहिलो. हॉर्नचं काय म्हणाली होतीस, असं विचारलं. तिने तेच पुन्हा सांगितलं, शब्द न बदलता. मग कुठला रस्ता ते सांगायला नकाशाची गरज राहिली नाही. दोघांनी त्याला बुलढाण्यावरून वळवलं होतं.

बोथ्याचा घाट दिवसाही माणसाला दबकवतो. दोन्ही बाजूंना अभयारण्य, सागाची दाटी, आणि अस्वलांची वस्ती. वनखात्याचे चौघे काठ्या घेऊन सोबत आले. वळणावळणाला गाडी थांबवायची आणि दरीत डोकवायचं असं चाललं होतं. प्रत्येक वेळी मी कठड्यावरून वाकायचो. कावळे दिसतात का, वास येतो का, हेच मी बघत होतो. जिवंत माणूस शोधतोय असं मला वाटतच नव्हतं.

उस्ताद आमच्या गाडीत होता. मी त्याला ये म्हटलं नव्हतं, जा असंही म्हटलं नव्हतं, तो मागे चढून बसला होता. आम्ही सगळे झाडीत बघत होतो, तो फक्त डांबराकडे बघत होता. एका वळणावर त्याने पुढच्या सीटवर थाप मारली. रस्त्याच्या कडेला जरा रुंद जागा होती आणि मातीत ताटाएवढा काळा डाग. तो गुडघ्यावर बसला, बोटाने माती चोळली, वास घेतला आणि म्हणाला, हेच. कठड्यापलीकडच्या गवतात ऑइलचा डबा सापडला. झाकण बंद, डबा भरलेला. ऑइल टाकायच्या आधीच त्याच्यावर वार झाला होता.

खाली उतरायला पाऊण तास लागला. तळाशी नाला होता, पावसाळ्याचं पाणी अजून वाहत होतं. तिथे तो एका खडकाला टेकून बसलेला सापडला. जिवंत होता. दोन्ही हातांत एक मोठा दगड धरलेला, आणि आम्ही जवळ गेलो तसा त्याने तो डोक्यावर उचलला. आम्ही पोलीस आहोत, हे चार वेळा सांगावं लागलं. तरी दगड खाली ठेवला नाही. उस्ताद पुढे झाला, त्याच्याजवळ बसला आणि काहीतरी पुटपुटला, तेव्हा कुठे त्याने हात सैल केला. डावा पाय गुडघ्याखाली मोडून सुजला होता आणि काळा पडला होता. त्यात अळ्या झाल्या होत्या.

जबाबात त्याने नंतर सांगितलं ते असं. बोनेट उघडून वाकला तेव्हा जॅकच्या दांडीने डोक्यात मारलं आणि दोघांनी ढकलून दिलं. शुद्ध आली तेव्हा वर गाड्यांचे आवाज येत होते. चार दिवस येत राहिले. कुठला ट्रक, कुठली एसटी हे त्याला आवाजावरून कळायचं आणि तो प्रत्येकीला हाक मारायचा. अंधार पडला की अस्वलं पाण्यावर यायची. म्हणून दगड.

दवाखान्यात पाय कापावा लागला. डॉक्टर हात धुता धुता मला म्हणाले, काल संध्याकाळपर्यंत जरी आणलं असतं तरी वाचवायचा प्रयत्न करता आला असता. त्यांनी ते सहज म्हटलं होतं. त्यांना काय ठाऊक, काल दुपारी एक वाजता मी कुठे होतो आणि माझ्या टेबलाखाली काय पडलं होतं.

त्या संध्याकाळी ठाण्यावर येऊन मी स्टेशन डायरी पुढे ओढली आणि लिहिलं की मेहकरचा अमुक इसम शुक्रवारी सकाळी आठ वाजता स्वतःहून हजर झाला व त्याने माहिती दिली. गुरुवार मी लिहिलाच नाही. जमादारांनी बघितलं आणि ते बाहेर निघून गेले. दोन्ही आरोपी आठवड्याच्या आत सापडले. जीप पळवून राज्याच्या सीमेपलीकडे विकायचा त्यांचा बेत होता. वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली, वर्तमानपत्रात फोटो आला.

खटला दोन वर्षांनी उभा राहिला. उस्ताद मुख्य साक्षीदार, कारण ते हेड ओळखणारा दुसरा माणूसच नव्हता. ड्रायव्हर कुबडी मांडीशी टेकवून समोर बसला होता, शेजारी त्याची बायको. आरोपींच्या वकिलाने नेमकं बोट ठेवलं. तुम्ही बुधवारी संध्याकाळी हेड ओळखलं आणि पोलिसांत गेलात शुक्रवारी सकाळी. मधला सबंध दिवस गप्प का बसलात? माल तुमच्याच वाट्याचा होता म्हणून ना?

उस्तादने माझ्याकडे बघितलं. एकदाच, अगदी थोडं.  त्याने खरं सांगितलं असतं तर माझी डायरी खोटी ठरत होती.

"भेव वाटलं," तो म्हणाला. "म्हणून नाई गेलो."

न्यायाधीशांनी ते टंकलेखकाला सांगितलं आणि ते कागदावर आलं. शिक्षा झाली, केस टिकली. पण मी ड्रायव्हरकडे बघत होतो. उस्ताद एक दिवस गप्प बसला आणि त्या दिवसात आपला पाय गेला, हे तो मनात जुळवत होता. बाहेर व्हरांड्यात त्याने कुबडी काखेत दाबून मला दोन्ही हातांनी नमस्कार केला, साहेब, तुमच्यामुळं वाचलो म्हणाला. उस्ताद दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्याच्याकडे न बघता ड्रायव्हर आणि त्याची बायको पुढे गेले. मला तेव्हा एकच वाक्य बोलायचं होतं. मी नमस्कार घेतला.

या गुन्ह्याने मला काय शिकवलं ते मी पुढे नव्या अधिकाऱ्यांना कितीदा तरी सांगितलं. ठाण्याची पायरी चढणारा माणूस आधीच खूप भीती ओलांडून आलेला असतो, त्याला आधी नाव विचारू नका, त्याचं काम विचारा. माणूस माणसांबद्दल खोटं बोलेल, हातच्या कामाबद्दल सहसा बोलत नाही. पोरं वहीत लिहून घ्यायची. जमादारांचा सल्ला मी माझा म्हणून खपवला आणि गुरुवारबद्दल अवाक्षर काढलं नाही.

मागच्या महिन्यात मी मेहकरला गेलो. उस्तादचं गॅरेज आहे तिथेच आहे. त्याला विचारलं, त्या दिवशी कोर्टात तू माझं नाव का घेतलं नाहीस? मला भ्यायला होतास का? बरीच वर्षं मी तसंच धरून चाललो होतो. तो वॉशर निवडत होता, निवडता निवडता म्हणाला, भेव त होतंच साहेब, पण तुमची डायरी खोटी पडली असती त ते दोघं सुटले असते. उंद्रीहून त्याच्याकडे आता कुणी येत नाही, हे त्याने सांगितलं नाही. ते मी शेजारच्या चहावाल्याकडून ऐकलं.

ड्रायव्हर उंद्रीत आहे. स्टँडजवळ छोटं दुकान टाकलंय. माझा फोन गेला की अजून मायेने बोलतो. हे सगळं छापायला देण्याआधी मी त्याच्याकडे जाणार आहे आणि त्याच्यासमोर बसून, त्याच्या बायकोसमोर, पहिल्या ओळीपासून वाचून दाखवणार आहे. तारीख तीनदा ठरवली आणि तीनदा मोडली. दरोडेखोरांच्या घरात मी हातात नुसती काठी घेऊन शिरलोय. इथे उंद्रीच्या बसमध्ये चढायला पाय उचलत नाही, मला भीती वाटते.